मँगनीज डायऑक्साइडची बाटली

शाळा तंबाखूमुक्त करायची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा माझ्या गालात मिश्री होती. मुख्याध्यापक मीटिंगमध्ये तालुक्याहून आलेलं पत्र वाचत होते आणि मी, तोंड उघडता येत नसल्यामुळे, अधूनमधून मान हलवत होते. पत्र संपल्यावर त्यांनी विचारलं, "कोण घेणार ही जबाबदारी?" सगळे शिक्षक खाली बघायला लागले. माझी मान तेवढी सवयीनं हलत राहिली. टाळ्या वाजल्या. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मी तंबाखू नियंत्रण समितीची प्रमुख झाले.

ज्यांना मिश्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची, आणि ती काळी पूड बोटानं दातांना नि हिरड्यांना घासायची. आमच्या आंबेगाव-जुन्नरकडं कितीतरी बाया सकाळी दात घासतात ते असे. मग दुपारी जेवणावर पुन्हा दात घासतात, चारला घासतात, तिन्हीसांजेलाही घासतात. घासून झाल्यावर चिमूटभर गालात राहू देतात, त्यालाही दात घासणंच म्हणतात. दिवसातून चार वेळा दात घासणाऱ्या बायांचे दात काळे कसे, हा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडत नाही.

मी नववीत असल्यापासून मिश्री लावते. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. ही दोन वाक्यं मी आयुष्यात कधी शेजारी शेजारी ठेवली नव्हती.

आमची शाळा पारगावजवळ, साखर कारखान्याच्या रस्त्यावर. मिश्रीची डबी पर्समध्ये ठेवायची सोय नव्हती, कारण माझी पर्स म्हणजे स्टाफरूममधल्या सगळ्या बायांचं सार्वजनिक कपाट. पिन, कंगवा, डोकेदुखीची गोळी, काय लागेल ते माझ्या पर्समधून घ्यायचं. म्हणून मी प्रयोगशाळेत जागा शोधली. रसायनांच्या कपाटात एक तपकिरी काचेची बाटली होती, वर कागदाची चिठ्ठी: मँगनीज डायऑक्साइड. काळी पूड. आतलं रसायन मी दुसऱ्या बाटलीत काढून मागं ठेवलं आणि हिच्यात मिश्री भरली. रंगाला रंग जुळला. जिल्ह्याहून एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ती बाटली हातात घेऊन उजेडात धरली होती आणि "साठा व्यवस्थित" असा शेरा मारून ठेवली होती.

एकदाच घोटाळा झाला. आळ्याला भाचीच्या लग्नासाठी मी दोन दिवस रजेवर होते, आणि गणिताच्या सरांनी माझा तास घेऊन दहावीला ऑक्सिजनचा प्रयोग दाखवला. परत आल्यावर मी घाईघाईनं वह्या उघडल्या. सरांनी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चमचाभर मिश्री टाकली होती. वायू आला की नाही देव जाणे, पण वर्गातल्या यच्चयावत मुलांनी निरीक्षणात लिहिलं होतं: रंगहीन वायू बाहेर पडला, जळती काडी जोरात पेटली. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

हे सगळं उघड्यावर आलं असतं तर नोकरी गेली नसती बहुतेक. पण मुलींसमोर उभं राहायला तोंड राहिलं नसतं, आणि मला त्याचीच खरी धास्ती होती. त्यात दिवाळीपासून ठेचा सोसेना झाला होता. गालाच्या आतली एक जागा तिखट लागलं की पेटायची. तोंडाच्या कर्करोगाची लक्षणं मुलांना मीच शिकवते, त्यामुळे ही खूण कशाची ते मला पाठ होतं. मी ठेचा सोडला.

असो. समितीचं पहिलं काम होतं शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारायची. रेघेच्या आत तंबाखू विकायची नाही. खेळाच्या सरांची टेप तीस मीटरची होती आणि तिचे पहिले दोन मीटर उंदरांनी खाल्ले होते, त्यामुळे रेघ तीनदा तीन ठिकाणी आली. शेवटी जी रेघ कायम केली तिच्या आत रस्त्यावरची पानटपरी येत होती. टपरीवाला भला माणूस. म्हणाला, "म्याडम, कायद्याला माझा विरोध न्हाई. पण टपरी लई जड हाय, मला एकट्याला हलायची न्हाई. पोरं द्या."

मुख्याध्यापकांना ही कल्पना फारच पसंत पडली. पत्रातल्या एका रकान्यात 'विद्यार्थ्यांचा सहभाग' असं होतं आणि तिथं फोटो जोडायचा होता. तेव्हा शनिवारी आठवीची चाळीस पोरं लेझीमच्या गणवेशात आली आणि "एक दोन तीन, हय्या" करत त्यांनी गुटखा-तंबाखूच्या माळांसकट ती टपरी ढकलत रेघेच्या पलीकडं नेली. पलीकडं चिंचेची सावली होती आणि एसटीचा थांबा होता. टपरीवाल्यानं पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. सोमवारपासून त्याचा धंदा दुप्पट झाला, आणि मंगळवारी त्यानं रंगाऱ्याकडून पाटी रंगवून घेतली: 'शाळेपासून शंभर यार्ड, नियमानुसार.' मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. मुख्याध्यापकांनी पाटीचाही फोटो पाठवला.

दुसरं काम होतं जप्तीचं. मुलांची दप्तरं तपासली. आमच्या लहानपणी पोरं चोरून विडी ओढायची आणि खोकून खोकून पकडली जायची. आताच्या पोरांना विडी म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटतं, तंबाखू मळायला तर वेळच नाही. त्यांच्याकडं निघाल्या त्या चकचकीत पुड्या, केशराच्या नि गुलाबाच्या वासाच्या, चॉकलेटपेक्षा देखण्या. एकाकडं काडीपेटीएवढी एक सपाट निळी वस्तू निघाली. पुण्याला असलेल्या भावानं दिली म्हणाला. मुख्याध्यापकांनी ती पेन ड्राइव्ह समजून ऑफिसच्या संगणकाला लावली. दिवा लागला. ते दहा मिनिटं फाइल शोधत बसले.

"म्याडम, ह्याच्यात काय सापडंना," ते मला म्हणाले.

"सर, ती ओढायची असते," मी म्हटलं.

त्यांनी ती दोन बोटांत उचलून वास घेतला, जरा ओढूनही बघितली असावी, कारण पुढच्या तासाला पालक भेटायला आले तेव्हा ऑफिसात स्ट्रॉबेरीचा धूर तरंगत होता आणि सर 'व्यसनाचे दुष्परिणाम' या फलकाखाली डोळे पुसत बसले होते.

तिसरं काम सर्वेक्षणाचं. प्रत्येक मुलाला कोरी चिठ्ठी द्यायची, नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच: तुम्ही तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का? मुलांनी एकमुखानं 'नाही' लिहिलं. एका चिठ्ठीवर 'नाही, फक्त रविवारी' असं होतं. मी ती वेगळी काढली. मुख्याध्यापकांनी ती 'नाही'च्या गठ्ठ्यात घातली. रविवारी शाळा बंद असते, तो आपल्या कक्षेत येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मुलींच्या वर्गात मात्र चिठ्ठ्या वाटल्यावर एक हात वर झाला. दहावीतली मुलगी, पहिली-दुसरी येणारी, आवाज खणखणीत. म्हणून परिपाठाला तंबाखूमुक्तीची शपथ रोज तीच सांगायची आणि पाचशे पोरं तिच्यामागं म्हणायची. ती उठून म्हणाली, "म्याडम, मिसरी धरायची का ह्याच्यात?"

दारात मुख्याध्यापक उभे होते. ते म्हणाले, "मिसरी? मिसरी म्हंजे दात घासणं. त्यात तंबाखू कुठनं आली? बस खाली."

ती बसली नाही. ती माझ्याकडं बघत होती. मी विज्ञानाची शिक्षिका, समितीची प्रमुख. मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होता. मी खडू शोधायला लागले. टेबलावर तीन खडू होते, तरी मी शोधत राहिले. ती बसली आणि तिनं चिठ्ठीवर लिहिलं. सगळ्या मुलींनी लिहिलं. संध्याकाळी आमची शाळा शून्य टक्के निघाली, आणि मुख्याध्यापकांनी स्टाफला भेळ दिली.

याच सुमाराला माझ्या बाटलीत काहीतरी विपरीत घडायला लागलं. पूड भराभर कमी होत होती. मी घाबरले. माझं प्रमाण वाढलं असणार, मनाला कळू न देता हात जास्त घेत असणार, असं मी धरलं. शाळेतला माझा हिशेब चार वेळांचा होता, तो मी दोनवर आणला. बाटलीवर पेन्सिलीनं बारीक खूण केली. पातळी आणखी जोरात उतरली. मी दोनची एक केली. तरी उतरली. विसरण्याचा आजार जडला असावा असं वाटून मी घरी बदाम भिजत घालायला लागले. नवऱ्यानं विचारलं, "कुणाची परीक्षा हाय?"

आणि मग एका सोमवारी पातळी वाढली.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पेन्सिलीच्या खुणेच्या वर बोटभर पूड होती. द्रव्य आपोआप निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे मी त्याच सकाळी नववीला शिकवून आले होते. मी चिमूटभर घेऊन लावली. चांगली होती. माझ्यापेक्षा बारीक चाळलेली, भाजणीही खमंग. कुणीतरी जीव लावून केलेली होती. मी त्या कपाटापुढं गालात तो चमत्कार धरून उभी राहिले आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी जेवायला गेले नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला सांगाड्याच्या तक्त्याआड स्टूल घेऊन बसले. दहा मिनिटांनी झाडू-सुपली घेऊन सफाईच्या पाळीच्या तीन मुली आल्या. एकीनं दार लोटलं. दुसरीनं कपाट उघडलं. तिसरीनं, म्हणजे शपथ सांगणाऱ्या मुलीनं, बाटलीचं झाकण काढून तिघींच्या तळहातांवर प्रसादासारखी चिमूट चिमूट ठेवली.

मी तक्त्याआडून बाहेर आले. "हे काय चाललंय?"

दोघी भिंतीला चिकटल्या. तिनं मात्र बाटली छातीशी धरली आणि शांतपणे म्हणाली, "मँगनीज डायऑक्साइड, म्याडम."

मी तिच्याकडं बघत राहिले. ती माझ्याकडं. मग तीच बिचारी ओशाळली. "तुमी लग्नाला गेल्या व्हत्या ना, तवा सरांनी प्रयोग केला. पेरॉक्साइडात टाकल्या टाकल्या वास आला. सगळ्या पोरींनी वळाखलं. पर आमी कुणाला बोललो न्हाई, म्याडम. एक पोरगी बोलली न्हाई."

"किती जणी?"

"अकरा. तुमचं कमी पडाया लागलं तवा मी आईची आणून भरली. तुमी हिकडं तिकडं हुडकत व्हत्या, आमाला लई वाईट वाटलं."

अकरा मुली. माझं गुपित जपत होत्या, वर माझी बाटली भरत होत्या. मला रडू आलं, आणि रडू येत असताना शिक्षिकेचा आवाज काढायचा म्हणून मी ओरडले, "रोज सकाळी शपथ सांगतेस! पाचशे पोरांना सांगतेस! आणि चिठ्ठीवर 'नाही' लिहिलंस?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. ती खरोखर गोंधळली होती. "पर मिसरी तंबाखू न्हाई ना, म्याडम," ती म्हणाली. "माझी आई म्हणती हाय म्हणून. मी तिला म्हनलं, तंबाखू आसती तर आमच्या सायन्सच्या म्याडमनी लावली आसती का?"

घंटा झाली. तिघी झाडू घेऊन निघून गेल्या. मी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ सोडला. बेसिन तुंबलं. काळं पाणी काठापर्यंत आलं, मग फरशीवर. शिपाईमामा तार घेऊन आले, पाइपात घातली, ओढून काढली, तारेच्या टोकाला नाक लावलं, माझ्याकडं बघितलं आणि हात धुतले. त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की या शाळेत बहुधा एकट्या मुख्याध्यापकांनाच काही माहीत नाही.

सोडणं तसं सोपं नव्हतं, उगाच शहाणपणा सांगत नाही. दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता मी रिकाम्या बाटलीचं झाकण उघडून वास घेत उभी होते. आठवीच्या वर्गावर विनाकारण खेकसले, भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि एसटीत एका अनोळखी बाईच्या कमरेची डबी बघून दोन थांबे पुढं गेले.

त्याच आठवड्यात शेवटचं काम आलं: दंततपासणी शिबिर. त्यानंतर शाळेला तंबाखूमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळणार होतं. मंचरहून एक तरुण डॉक्टरबाई आल्या, सोबत एक खुर्ची, एक बॅटरी आणि लाकडी पट्ट्यांचा डबा. मुख्याध्यापकांनी तयारी चोख ठेवली होती. स्वच्छ दातांची वीस मुलं निवडून त्यांना पुढं बसवलं होतं, बाकीच्यांना मैदानावर सूर्यनमस्कार घालायला पाठवलं होतं. निवडलेल्या विसांत शपथ सांगणारी मुलगी होती, कारण तिचे दात खरंच छान दिसायचे. अकरांतल्या उरलेल्या दहा जणी मैदानाच्या कडेला ओढणी तोंडावर धरून उभ्या होत्या.

"पहिलं कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी जाऊन खुर्चीत बसले. मुख्याध्यापक म्हणाले, "व्वा, म्याडम स्वतः आदर्श घालून देत्यात," आणि फोन काढून फोटोला उभे राहिले.

"काही सवय? तंबाखू वगैरे?" डॉक्टरबाई यादीवरचं वाचत होत्या.

"मिश्री," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, मैदानापर्यंत जावं एवढ्या मोठ्यानं. परिपाठाला लागतो तो आवाज.

"डॉक्टर, म्याडम दात घासण्याबद्दल बोलत्यात," मुख्याध्यापक हसत म्हणाले.

"मिश्री म्हणजे तंबाखूच, सर. भाजलेली." त्या माझ्याकडं वळल्या. "कधीपासून?"

"नववीत असल्यापासून."

"आणि आता?"

"आता मी नववीला शिकवते."

त्यांनी माझ्या तोंडात बॅटरी धरली. पट्टीनं गाल बाजूला केला आणि बॅटरी आणखी जवळ आणली. एरवी माणसं माझ्या तोंडाकडं बघतात ते त्यातून काही बाहेर येईल म्हणून. या पहिल्यांदा आत बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, पुण्याला जाऊन तुकडा तपासून घ्या, याच महिन्यात. मी घेतला. नशीब म्हणायचं, वाईट काही निघालं नाही. पण ते मला दीड महिन्यानं कळलं, आणि त्या दीड महिन्याबद्दल मला लिहायचं नाही.

मुख्याध्यापकांनी फोन खिशात ठेवला. मी खुर्चीतून उठले आणि मैदानाकडं बघितलं. मी कुणाला बोलावलं नाही. दहाही जणी ओढण्या खाली करून आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. निवडलेल्या विसांतून उठून सगळ्यांत पुढं शपथ सांगणारी मुलगी. मुख्याध्यापक प्रत्येकीला "तू बी?" "तू बी गं?" असं विचारत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. प्रमाणपत्राचं काय झालं ते सांगायला नकोच.

डॉक्टरबाईंनी पहिलीचं तोंड तपासलं, दुसरीचं, तिसरीचं. कातडी नुसती पांढरट व्हायला लागली होती, आत्ता सोडली तर बरी होईल, असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या. पाचव्या मुलीनंतर त्या थांबल्या. आधीच्या चौघींचे कागद त्यांनी पुन्हा बघितले.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "बायका मिश्री कुठंही धरतात. कुणी पुढं ओठात, कुणी उजवीकडं. या सगळ्या मुलींची जागा एकच. डावा गाल, खालची दाढ. असं कसं?"

मग शपथ सांगणारी मुलगी म्हणाली, "म्याडम फळ्यावर लिहिताना तिथंच धरत्यात. आमाला वाटलं, तिथंच धरायची आसती."

मी नववीत असताना माझी डावीकडची दाढ किडली होती. ठणक्यानं मी रात्रंदिवस रडत होते, म्हणून मावशीनं तिथं चिमूटभर मिश्री धरायला दिली होती. मी एकेक करून त्या अकराही जणींना विचारलं. त्यांच्यातल्या एकीचीही दाढ कधी दुखली नव्हती.